शाकारणी कोणी करायची? : छपराच्या गळतीचा एक इतिहास

हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ एम.ए.च्या वर्गात शिकवताना दोन गाथांपाशी आम्ही दरवर्षी थोडे अधिक रेंगाळतो. दोन्ही पावसाळ्यातल्या आहेत, दोन्हींत पती परगावी गेलेला आहे आणि दोन्हींत घर गळते आहे. पहिलीत वादळाने छपराचे गवत उडवून नेले आहे. भोकांतून आलेल्या धारा भिंतीवर ओघळत आहेत आणि घरधनीण दोन्ही तळव्यांनी भिंतीचा एक तुकडा झाकून उभी आहे. पतीच्या परतीचे दिवस तिने तेथे रेघांनी मांडून ठेवले आहेत. दुसरीत एक आई वळचणीचे पाणी स्वतःच्या मस्तकावर झेलून कुशीतल्या मुलाला कोरडे ठेवू पाहते. आपल्याच आसवांनी ते भिजते आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही.

या गाथांचे विवेचन आपण प्रोषितभर्तृका नायिकेच्या, म्हणजे विरहाच्या अंगाने करतो. ते योग्यच आहे. परंतु काही वर्षांपूर्वी तळकोकणातून आलेल्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “पण सर, पावसाआधी घर शाकारलं का नव्हतं?” वर्ग हसला. आमच्यापैकी जो शिकवत होता त्यालाही प्रथम हसूच आले. नंतर चहाच्या वेळी तो प्रश्न आमच्यात पुन्हा निघाला तेव्हा मात्र जाणवले की गाथेचे मर्म तिने नेमके पकडले होते. घर शाकारले नव्हते, कारण शाकारणारा घरी नव्हता. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यात त्याची गैरहजेरी त्या स्त्रीला डोळ्यांनी दिसत होती.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. आपल्याकडच्या छपरांचा इतिहास बहुधा साहित्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी गवत, मग कौल, मग पत्रा, मग स्लॅब, कच्च्याकडून पक्क्याकडे झालेली प्रगती. आम्हाला तो कर्तव्याचा इतिहास म्हणून मांडावासा वाटतो. गळणार नाही असे छप्पर चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन असलेल्या प्रदेशात अद्याप कोणी बांधलेले नाही. प्रत्येक काळात प्रश्न एवढाच राहिला आहे, की यंदाची दुरुस्ती कोणी करायची.

आढ्याचे पाणी

प्रथम थोडे शब्दांविषयी. छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड म्हणजे आढे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरत येतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या त्या रिपा. छपराची एकेक उतरती बाजू म्हणजे पाखे, भिंतीच्या बाहेर आलेली त्याची कड म्हणजे वळचण, वळचणीवरून गळणारी धार म्हणजे पागोळी आणि ते पाणी झेलून दूर नेते ती पन्हळ. शहरात वाढलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी या वस्तू पाहिलेल्या नाहीत. तरीही त्यांच्या भाषेत त्या आहेत. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, कृतघ्न माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजतो, आणि सत्तेच्या वळचणीला गेलेल्या पुढाऱ्यांच्या बातम्या तर रोजच्या वर्तमानपत्रात असतात. वस्तू गेली तरी म्हण मागे राहते, ही भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेली गोष्ट येथेही दिसते.

यांतली एक म्हण मात्र केवळ अलंकारिक नाही. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ जायचेच, असे आपण म्हणतो आणि अघटित घडले की ‘वळचणीचे पाणी आढ्याला गेले’ असे म्हणतो. छपराचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. छपराने पाणी अडवायचे नसते, त्याला थांबू न देता पुढे धाडायचे असते. ते जितका वेळ थांबेल तितकी आत शिरण्याची वाट शोधील. म्हणून गवताच्या छपराला सर्वांत तीव्र उतार लागतो, साधारण पंचेचाळीस अंशांच्या आसपास. तेथे प्रत्येक काडी आपल्यावरचा थेंब खालच्या काडीकडे सोपवते आणि वरच्या थोड्याच थरापलीकडे ओल जात नाही. उतार मोडला की तेच गवत पाणी पिऊ लागते आणि कुजते. कौलाला तीस अंशांच्या आसपासचा उतार पुरतो. देशावरचे मातीचे माळवद आणि आजचा स्लॅब जवळजवळ सपाट असतात. उतार कमी होत गेला तसा पाण्याचा मुक्काम वाढत गेला, असेही या इतिहासाचे एक सूत्र सांगता येईल.

आगोट

पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला आणि त्या बेगमीच्या दिवसांना कोकणात ‘आगोट’ म्हणतात. मिरच्या-मसाले, सुकी मासळी, सरपण, गुरांचा चारा यांच्या जोडीला त्या दिवसांतले मोठे काम म्हणजे शाकारणी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जेथे पडतो तेथे मृग लागण्यापूर्वी छप्पर शाकारून होणे हा सोयीचा भाग नव्हता. आत भाताचे बी होते, कणगीत धान्य होते आणि भिंती कुडाच्या किंवा मातीच्या होत्या. वरून आलेले पाणी आधी धान्य नासवी आणि मग भिंत पाडी.

गवती छपराची शाकारणी म्हणजे त्याचे निम्मेअधिक पुनर्निर्माणच. जुने गवत खाली ओढायचे, कुजलेले शेताकडे खतासाठी न्यायचे, धड असलेले वेगळे काढायचे, खचलेला वासा बदलायचा आणि नवे गवत वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे थरावर थर बांधत न्यायचे. खालून वर जाण्याचे कारण उघड आहे : वरचा थर नेहमी खालच्या थरावर आला पाहिजे. आढ्यावर दोन्ही पाखी मिळतात ती जागा सर्वांत नाजूक, म्हणून तेथे गवत दुमडून घट्ट आवळायचे. वाऱ्याबरोबर तिरकस येणाऱ्या झडीपासून भिंती वाचवण्यासाठी नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे बाहेरून बांधायची. अंगणातला माटव उतरवायचा. शेतात जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरचे इरले हीसुद्धा याच विद्येची धाकटी शाखा. बांबूच्या सांगाड्यात पाने थरावर थर बसवून केलेले ते चालते छप्परच.

हे काम एकट्याचे नव्हते. छपरावर दोघे, खाली गवताच्या पेंढ्या फेकायला दोघे, बांधायला आणखी कोणी; आज याच्या घरी, उद्या त्याच्या. गावगाड्याच्या आठवणींत या सामूहिक श्रमाचे पुष्कळ कौतुक आढळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या कोकणात हे चाले तेथेच खोती होती आणि कुळांना वेठ करावी लागत होती. एखाद्या छपरावर चढलेल्या चार माणसांपैकी शेजारी म्हणून कोण आला होता आणि नाइलाजाने कोण, हे त्या कौतुकात येत नाही. तरीही एक गोष्ट खरी राहते. शाकारणी कोणी करायची, याचे उत्तर गावात प्रत्येकाला ठाऊक होते. ते उत्तर न्याय्य होते की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

नळे आणि मंगळुरी कौले

गवताहून टिकाऊ आणि आगीला न भिणारे छप्पर म्हणजे कौलाचे. जुनी गावठी कौले, म्हणजे नळे, गावचा कुंभार चाकावर करी. एका टोकाला निमुळता असा मातीचा पोकळ नळा फिरवून काढायचा, ओला असतानाच तो उभा चिरायचा आणि दोन अर्धगोल वेगळे करून भाजायचे. छपरावर एक ओळ उताणी व तिच्या कडांवर दुसरी पालथी, अशी त्यांची मांडणी असे. उताण्या ओळींतून पाणी वाहे आणि पालथ्या ओळी सांधे झाकत. खिळा नाही, तार नाही; नळे आपल्या वजनाने आणि एकमेकांच्या आधाराने बसत. हेच त्यांचे बळ आणि हीच त्यांची उणीव. वाकड्यातिकड्या लाकडावर आणि बांबूवरही ते सामावून जात. पण मांजर चालले, वानरे नाचली, नारळ पडला, वादळ झाले की सरकत. म्हणून दर उन्हाळ्यात नळे परतावे लागत : सगळे उतरवायचे, शेवाळ-पालापाचोळा झाडायचा, फुटके वेगळे काढून पुन्हा रचायचे.

गळती शोधण्याची रीत साधी होती. भर दुपारी माजघराच्या अंधारात उभे राहून वर पाहायचे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे पावसात धार येणार. खाली उभ्या माणसाने काठीने जागा दाखवायची आणि वरच्याने कौल सरकवायचे. रात्री ऐन पावसात गळू लागले तर आतूनच काठीने कौल हळूच ढकलून पाहायचे, आणि ते साधले नाही तर खाली परात लावायची. एखाद्या घराला आपले छप्पर इतके ठाऊक असे, की कोणत्या वाऱ्याला कोठे भांडे ठेवायचे हे पोरेसुद्धा सांगत.

या व्यवस्थेत मोठा बदल झाला तो १८६५ साली. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने मंगळूरला १८३४पासून काम सुरू केले होते. धर्मांतर केलेल्यांचा जातीचा व्यवसाय सुटत असे, आणि त्यांना रोजगार हवा म्हणून मिशनने विणकाम, छपाई असे उद्योग काढले होते. त्यांतच गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने जेप्पू येथे कौलांचा कारखाना उभा केला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे कौल मुळात फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या झिलार्दोनी बंधूंचे, १८४१च्या सुमाराचे. नेत्रावती आणि गुरुपुर नद्यांच्या काठची चिकणमाती त्या साच्याला मानवली. पुढे मंगळूरच्या परिसरात इतरांनीही कारखाने काढले आणि गलबतांतून ही तांबडी कौले मुंबईपर्यंतच्या बंदरांत उतरू लागली. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रूची म्हणून सरकारजमा झाली आणि कारखाने १९१९नंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौलाचा आकार मात्र तोच राहिला.

मंगळुरी कौल जिंकले ते त्याच्या खाचेमुळे. शेजारच्या कौलाची कड त्याच्या खाचेत बसते, त्यामुळे सांध्यात शिरलेले पाणीही खाचेतूनच खाली वाहून जाते. मागची खुंटी रिपेत अडकते, म्हणून ते सहसा घसरत नाही. एक चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले पुरतात. नळ्यांची संख्या याच्या कितीतरी पट असे. दरवर्षी सारे छप्पर उतरवण्याची गरज संपली. फुटलेली तेवढी बदलायची, आढ्यावरच्या कोन्यांचा चुना किंवा सिमेंट पाहायचे, पन्हळ साफ करायची. मधूनच एखादे काचेचे कौल बसवले की माजघरात उजेडही येई.

या सुखाची किंमत निराळ्या जागी मोजावी लागली. मंगळुरी कौलाला सरळ कापलेले वासे आणि समान अंतरावर ठोकलेल्या रिपा लागतात. अंतर चुकले की खाच बसत नाही. म्हणजे सुतार आला, खिळे आले, रोख पैसा आला. गावच्या कुंभाराचा नळा कोठल्याही नळ्याशेजारी बसे. कारखान्याचे कौल बहुधा आपल्याच कारखान्याच्या कौलाशी नीट जुळते. आज अनेक जुने कारखाने बंद झाले आहेत आणि जुन्या घराचे एक फुटके कौल बदलायचे तर कोठेतरी पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात त्याच छापाचे कौल शोधत हिंडावे लागते. छपराच्या दुरुस्तीचा एक धागा गावाबाहेर गेला तो येथे.

याच काळात छपरावर सरकारचाही हात पडला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या घरांत रोग राहतो या समजुतीने योजलेल्या उपायांत घरे धुऊन काढणे, सामान जाळणे यांबरोबरच छपराची कौले उतरवून ऊन आणि वारा आत घेणे हाही एक उपाय होता. प्लेगच्या सक्तीविषयी आपण वाचतो ते मुख्यतः झडत्या, विलगीकरण आणि १८९७चा पुण्यातला रँडचा वध यांच्या संदर्भात. परंतु उन्हापावसापासून जपलेले छप्पर सरकारी माणसांनी उघडे करावे, यातला अपमान ज्यांनी वर्षानुवर्षे ते स्वतः परतले होते त्यांनाच पुरता कळला असेल.

कुलूपबंद घरे

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण पुरुष मोठ्या संख्येने गिरणगावात गेला. गाथेतला पथिक येथे चाकरमानी होऊन पुन्हा भेटतो. तो शिमग्याला, गणपतीला येई. पण घराच्या दृष्टीने त्याची खरी गरज मे महिन्यात असे. मनीऑर्डरीच्या पैशातून कौले येत, वासा बदलला जाई. तो येऊ शकला नाही तर घरची बाई मजूर लावून काम उरकी किंवा दिराची मिनतवारी करी. कोकणातल्या बायकांच्या वाट्याला आलेल्या कामांच्या यादीत शाकारणीची ही खटपट क्वचितच कोणी धरतो.

पुढे बायकामुलेही मुंबईला गेली आणि घराला कुलूप लागले. बंद घर कसे पडते हे कोकणात कोणालाही विचारावे. एक कौल सरकते. पाणी भिंतीच्या माथ्यावर पडते, मातीची भिंत फुगते, वाशाचे टोक ओले राहते आणि त्याला वाळवी लागते. घरात चूल पेटत असताना तिचा धूर कौलांतून बाहेर पडे, लाकूड कोरडे ठेवी आणि किडीला दूर ठेवी; आता तोही नाही. दोन-चार पावसाळ्यांत आढे मध्येच वाकते, आणि मग गावातले लोक ‘घर बसले’ असे म्हणतात. सुरुवातीला लागले होते ते फक्त एक कौल, एक काठी आणि वर पाहणारा एक माणूस.

माळवदाची माती

एवढे वाचून कोणी म्हणेल, की दरवर्षी निष्ठेने डागडुजी करणारा गाव आणि तिला पारखी झालेली आधुनिकता असे हे चित्र आहे. ते तसे नाही, हे सांगण्यासाठी कोकण सोडून देशावर, लातूर-धाराशिवकडे जावे लागेल.

तेथे पाऊस कोकणाच्या पावपट-पंचमांश आणि ऊन मात्र कडक. म्हणून घर दगडामातीच्या जाड भिंतींचे आणि वर माळवद : लाकडी खांब-तुळयांवर फळ्या किंवा किलच, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पावसाच्या पहिल्या सरींनी ती फुगते आणि आपल्या भेगा आपणच मिटवते. परंतु तिची धूप होते, गवत उगवते, उंदीर बिळे करतात आणि मग कोठेतरी गळू लागते. उपाय एकच, सर्वांना ठाऊक असलेला : पावसाळ्यापूर्वी गढीची किंवा ओढ्याकाठची पांढरी माती आणून आणखी एक थर टाकायचा. आजोबाने टाकला, बापाने टाकला, मुलाने टाकला. गळती थांबत असे. जुना थर काढून नवा टाकण्याचे कष्ट मोठे. त्यामुळे थरावर थर चढत गेले आणि कित्येक घरांवर फूट-दोन फूट माती साचली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. त्यात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. मारले ते मुख्यतः घरांनी. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि पिढ्यान् पिढ्यांच्या मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. पुढे अशा घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी जे सल्ले दिले त्यांत माळवदावरची जादा माती उतरवणे हा एक होता.

या घटनेचा विचार करताना आम्ही वारंवार एका जागी अडखळतो. येथे कोणी कर्तव्य चुकवलेले नव्हते. घमेलेभर मातीचा प्रत्येक थर आपल्या मुलाबाळांना कोरडे ठेवण्यासाठीच टाकलेला होता आणि त्या-त्या वर्षी तो बरोबरच होता. चूक होती ती बेरजेत, आणि बेरीज पाहणारा कोणी नव्हता. परंपरेने दुरुस्तीची रीत दिली होती; रीतच तपासून पाहण्याची रीत दिली नव्हती.

भाडे आणि छप्पर

गावात छपराचा मालक आणि त्याखाली झोपणारा बहुधा एकच असे. मुंबईच्या चाळीत ही दोन माणसे वेगळी झाली. कौलारू चाळीच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गळतीखाली झोपे, आणि छप्पर मालकाचे असे. भाडे आणि दुरुस्ती यांचा काही मेळ होता तोवर मालक उन्हाळ्यात माणसे लावून कौले परतून घेई.

१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातली महागाई आणि फाळणीनंतरची घरटंचाई पाहता भाडेकरूला संरक्षण हवेच होते. त्या कायद्याने लाखो कष्टकरी कुटुंबांना शहरात टिकवून धरले. परंतु दशके उलटली तशी महिन्याच्या भाड्यात एक पोते सिमेंटही येईनासे झाले. दुरुस्ती मालकाची जबाबदारी असे कायदा म्हणत राहिला. मालकाने हात वर केले. भाडेकरू म्हणाला, छप्पर माझे नाही. पाणी मात्र कोणाची वाट पाहत नव्हते. ते तुळयांच्या भिंतीतल्या टोकांत मुरत राहिले. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळल्याच्या बातम्या नेमाने येऊ लागल्या, तेव्हा १९६९मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापण्यात आले आणि उपकर घेऊन जुन्या इमारतींची डागडुजी सरकारने स्वतःकडे घेतली. १९७७पासून ते काम म्हाडाकडे आले. आता उत्तरदायी तिघे झाले, आणि तिघांपैकी प्रत्येकाला इतर दोघांकडे बोट दाखवता येऊ लागले. त्या चाळींवर दर जूनमध्ये पसरणारी निळी ताडपत्री ही रहिवाशांनी वर्गणी काढून केलेली शाकारणीच होती, शाकारणीचे कौशल्य आणि अधिकार दोन्ही हातांतून गेल्यानंतर उरलेली.

पक्के घर

यानंतरचा टप्पा आपण सगळे जगत आहोत. मुंबईत १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींसारख्या वसाहतींत लोखंडी सळयांचे काँक्रीट मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि स्वातंत्र्यानंतर ‘स्लॅबचे घर’ हे गावोगावच्या संसारांचे स्वप्न झाले. शासनाची भाषाही तीच आहे. २०११च्या जनगणनेने छपराच्या साहित्याची नोंद करताना हाताने केलेली कौले आणि यंत्राने केलेली कौले असा भेद केला, आणि २०१६पासूनच्या ग्रामीण आवास योजनेचे उद्दिष्टच पक्के घर हे आहे. गवताखाली भिजत जगलेल्या माणसाला स्लॅब हवासा वाटावा यात काहीच नवल नाही. ज्याला दर मे महिन्यात गवतासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले, त्याच्यासाठी पक्के छप्पर म्हणजे मानाने जगण्याची सोय आहे. तक्रार आहे ती ‘पक्के’ या शब्दातल्या एका आश्वासनाविषयी, की आता पुन्हा वर चढावे लागणार नाही.

वर चढावे लागतेच. एप्रिल-मेच्या उन्हात गच्ची तापून प्रसरण पावते आणि जूनच्या पहिल्या सरीने एकदम आकुंचते. वर्षानुवर्षे हे चालले की केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेत असल्याने आतून काँक्रीट फोडतो आणि छताचे पोपडे खाली येतात. कौलाची गळती उजेडाच्या ठिपक्याने आपली जागा सांगे. स्लॅबमध्ये भेग एका कोपऱ्यात असते आणि ओल दुसऱ्या खोलीत उमटते. त्यामुळे आतून रंग काढून घेणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय ठरतो.

जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. चुन्याच्या छतावर विटांचे तुकडे आणि चुना घालून, गूळ-हिरड्याचे पाणी शिंपडत, दिवसचे दिवस चोपून केलेल्या थराला कोबा म्हणत. तोच शब्द आज सिमेंटच्या ‘ब्रिकबॅट कोब्या’त जिवंत आहे. त्याचे गमक जलरोधक रसायनाइतकेच उतारात असते : शंभर फुटांत निदान एक फूट उतार, कठड्याच्या कडेला काटकोन न ठेवता काढलेली गोलाई (गवंडी तिला ‘वाटा’ म्हणतात), मोकळी ठेवलेली पन्हळीची तोंडे, आणि वर पांढऱ्या फुटक्या फरशीचा थर, म्हणजे ऊन परतवले जाते. एवढे करूनही दर मे महिन्यात गच्ची झाडून, तोंडे मोकळी करून भेगा पाहाव्या लागतात. आढ्याचे पाणी वळचणीला, हा नियम स्लॅबलाही चुकलेला नाही.

प्रश्न पुन्हा तोच : पाहायचे कोणी? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. प्रत्यक्षात ओल वरच्या मजल्याच्या एकाच घरात असते आणि सभेत मते इतर मजल्यांची असतात. आम्ही जेथे शिकवतो तेथील ग्रंथालयाचे छतही गळते. काही वर्षांपूर्वी हस्तलिखितांच्या नकलांचे एक कपाट भिजले, आणि तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथपाल व शिपाई मिळून कपाटांवर प्लास्टिक पांघरतात. गच्चीविषयीच्या पत्रव्यवहाराची फाईल जाड आहे. त्या फाईलमध्ये प्रत्येक पत्राला उत्तर आहे. काम कोणाचे, याचे उत्तर नाही. आणि खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी गच्चीवर जाऊन पन्हळीचे तोंड तुंबले आहे का, हे पाहिलेले नव्हते. ती विद्यार्थिनी तो प्रश्न विचारून गेल्यावर आम्ही दोघे शिडी लावून वर गेलो. तोंडावर पिंपळाचे रोप उगवले होते आणि पालापाचोळ्याखाली गतवर्षीचे पाणी वाळून काळा थर बसला होता.

अलीकडे कोकणात, गोव्यात, मुंबई-पुण्याच्या उपनगरांतही स्लॅबच्या घरांवर पुन्हा उतरते पत्र्याचे छप्पर उभे राहते आहे. लोखंडी नळ्यांचे वासे, मधोमध आढे, बाहेर काढलेली वळचण आणि खाली पन्हळ. पक्क्या छपराला पावसापासून वाचवण्यासाठी घातलेले हे दुसरे छप्पर पाहून शहाणी माणसे हसतात. आम्हाला त्यात पराभव दिसत नाही. पाण्याला थांबू द्यायचे नाही, ही जुनी गोष्ट लोकांना पुन्हा आठवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पत्र्याचेही स्क्रू सैल होतात, वायसर उन्हाने तडकतात आणि दर मे महिन्यात कोणीतरी वर चढून ते आवळावे लागतात. ग्रंथालयाच्या गच्चीचे तोंड आता दर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आणि ग्रंथपाल मिळून साफ करतो. गळती पूर्ण थांबलेली नाही. कपाटांवर अजूनही प्लास्टिक घालावे लागते. पण मागचे दोन पावसाळे पुस्तके कोरडी राहिली आहेत.